सहायक म्हणजे मदतनीस नव्हे

नागपुरातल्या सदर भागातल्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. नात्यातल्या लग्नासाठी त्या चर्चमध्ये गेल्या होत्या. वाचन बायबलमधल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायाचं होतं: माणसाने एकटं असणं बरं नाही, म्हणून देव त्याच्यासाठी साहाय्यक घडवतो. शेजारचे काका पुटपुटले, "म्हणजे मदतनीसच ना!" ताई विचारतात, शब्द सहाय्यक की सहायक, आणि अर्थ मदतनीस असाच घ्यायचा का?

लिहिण्याचं आधी उरकतो. सहायक लिहा, साहाय्यक लिहा. पाट्यांवर आणि पत्रिकांवर सर्रास दिसणारं 'सहाय्यक' तेवढं नको.

'मदतनीस' मात्र ऐकवत नाही. मदत अरबीतून आलेली. नीस म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा; महाल भागातल्या चिटणीस पार्कच्या नावात बसलाय तोच. कचेरीतला शब्द आहे हा, आणि वापरात त्याला 'हाताखालची' हा अर्थ पक्का चिकटलाय. अंगणवाडीत सेविका शिकवते आणि मदतनीस सतरंज्या झटकते, ही उतरंड त्या शब्दातच आहे.

'सहाय'मध्ये असलं काही नाही. मोनियर-विल्यम्सचा संस्कृत-इंग्रजी कोश 'बहुधा' असं म्हणत सह आणि अय, म्हणजे बरोबर जाणारा, अशी फोड देतो. 'सखाय'चं प्राकृत रूप ही दुसरी व्युत्पत्ती तो 'काहींच्या मते' म्हणून एका ओळीत उरकतो. माझ्या मते इथे कोशकार चुकला, खरा दागिना त्याने कोपऱ्यात टाकला. प्राकृतात ख चा ह होतो: मुखाचं मुह, सखीची सही. त्याच सहीची आपल्या ओव्यांमधली सई झाली, आणि नागपुरात रोज कानावर पडणारी सहेलीही तिथलीच. मग सखायचा सहाय व्हायला अडचण कसली? सह-अय ही फोड व्याकरणाला सोयीची आहे, पण सोय म्हणजे पुरावा नव्हे. सहायक आणि सई एकाच घरातल्या आहेत, हे मी सोडणार नाही.

सप्तपदीचं सातवं पाऊल आठवा. आश्वलायन गृह्यसूत्रात वर वधूला म्हणतो, "सखा सप्तपदी भव." तिला म्हणतो, आणि तरीही 'सखी' नव्हे, 'सखा'! सहा पावलं अन्न, बळ, धन, सुख, संतती, ऋतू यांच्यासाठी, आणि सातवं फक्त सख्यासाठी.

आता उत्पत्तीतली मूळ हिब्रू जोडी बघा: एझेर केनेग्दो. एझेर म्हणजे साह्य. जुन्या करारात हा शब्द 21 वेळा येतो. स्त्रीसाठी त्यातला दोनदाच, बहुतेक वेळा तो देवासाठी आहे. बायबलमधल्या लाजर या नावातही तोच धातू आहे: देवाने साह्य केलं. 'नेगेद' म्हणजे समोर. म्हणजे डोळ्याला डोळा भिडवून समोर उभं राहणारं साह्य, हाताखालचं नव्हे.

ख्रिस्ती धर्मपंडित संत थॉमस अक्वायनसचं इथे मला पटत नाही. तेराव्या शतकात त्यांनी लिहिलं की स्त्रीचं साह्य संततीसाठीच, कारण इतर कामांत पुरुषाला दुसरा पुरुषच जास्त उपयोगी. एवढा मोठा पंडित, पण 'समोर' हा शब्द त्याच्या हातून निसटला. मात्र त्यांनीच पुढे लिहिलंय की स्त्री बरगडीतून घडली, कारण तिने पुरुषावर सत्ता चालवायची नाही आणि त्याची दासीही व्हायचं नाही. हे वाक्य मी जपून ठेवलंय.

पुढे 1930 साली पोप अकरावे पायस यांनी पती मस्तक आणि पत्नी हृदय अशी मांडणी केली. 1988 मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा आधार घेऊन सांगितलं की अधीनता दोघांनी एकमेकांची मानायची. आणि 1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचा 1605 वा परिच्छेद तर थेट म्हणतो की स्त्री ही पुरुषाच्या बरोबरीची आहे, आणि आपलं साह्य ज्या देवाकडून येतं त्याचंच ती प्रतिनिधित्व करते. त्यासाठी तिथे बायबलमधल्या 121 व्या स्तोत्राचा दाखला दिलाय.

ताई, काका पुन्हा भेटले तर त्यांना त्या स्तोत्रातला 'साहाय्य' हा शब्द दाखवा आणि विचारा, इथे देवाला मदतनीस म्हणाल का?