नकाशा घेऊन बांधावर जा
पालघरकडे मालगाडी मार्गिकेच्या भूसंपादनावर रुजू होतोयस ना? मग पहिली बैठक भातलावणीत ठेवू नकोस, कोणी फिरकणार नाही. रेल्वे कायद्याच्या कलम २०-ए ची, म्हणजे जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी, अधिसूचना निघाली की हरकतींना ३० दिवसच असतात, म्हणून सातबारे आधीच चाळ. वारसनोंद नसलेले जमिनीचे गट हमखास निघतात आणि मोबदला तिथेच अडकतो.

नकाशा भिंतीवर टांगून भागत नाही. माझ्या पहिल्या गावात एका आजींनी बांधावरच विचारलं, "पेंढ्याचा टेम्पो रुळांखालच्या त्या मोरीतून जाईल?" आराखड्यातली उंची पाहिली. नव्हता जात! पावसात पाणी कुठे तुंबतं, तेही त्यांनीच दाखवलं. चहा-बिस्किटांचं कंत्राटदार बघतो. इतिवृत्त मात्र मराठीत लिही, आणि उठण्याआधी वाचून दाखव.