प्रश्न तुमचे : टचकन उघडणारे झाकण

या अंकात एकाच विषयावरचे प्रश्न घेतले आहेत. बटण दाबले की आपोआप वर उठणारे आणि पुन्हा मिटवता येणारे झाकण सांगली-साताऱ्याकडच्या हळद, बेदाणे, मसाला, पेढेवाल्यांना हवे आहे. ते करताना काय बिघडते, हेच बहुतेकांनी विचारले आहे.

प्रश्न : आमची २०० ग्रॅम हळद पावडरची डबी आहे. झाकण पीपीचे (पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकचे), ६० मिमी व्यासाचे. मोल्डरने झाकणातच प्लॅस्टिकची वाकडी पट्टी दिली, तीच स्प्रिंग. नवी डबी टचकन उघडते. पण दुकानात दोन-तीन महिने पडून राहिलेल्या डबीचे बटण दाबले तर झाकण जेमतेम बोटभर उचलते. दाण्याचा (कच्च्या प्लॅस्टिकचा) दोष आहे का? (कुपवाड)

दाणा चांगला असला तरी हेच होईल. तुमची स्प्रिंग डबी उघडल्यावर कामाला लागते असे वाटते, पण ती खरी कामाला लागते झाकण मिटल्यापासून. कारखान्यातून निघाल्यापासून गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत पट्टी दाबलेल्या अवस्थेत असते. पीपी सतत वाकवून ठेवला की त्यातला ताण हळूहळू विरतो आणि तो वाकलेला आकारच त्याचा मूळ आकार होत जातो. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात किंवा टेम्पोत हे आणखी झपाट्याने होते. पट्टी जाड करून उपयोग नाही. तेवढ्याच वाकवण्यात जाड पट्टीला ताण जास्त बसतो. अ‍ॅसिटलची (पीओएम) पट्टी पीपीपेक्षा बरीच टिकते, पण महिनोन्महिने दाबून ठेवायची असेल तर तीही शंभर टक्के परत येत नाही.

दोन रस्ते आहेत.

पहिला, स्टीलची पिळाची स्प्रिंग. ३०२ किंवा ३०४ स्टेनलेसची तार घ्या. तुमच्या ६० मिमीच्या झाकणासाठी तार ०.५ मिमी, वेढ्यांचा मध्य व्यास ५ मिमी आणि ८ वेढे, इथून सुरुवात करा. झाकण सुमारे ८ ग्रॅमचे धरले, तर बिजागरीभोवती त्याच्या वजनाचा जोर साधारण २.४ न्यूटन-मिमी येतो. झाकण पूर्ण उघडे असतानाही स्प्रिंगमध्ये ३६ अंशांचा आगाऊ पीळ ठेवा. मग झाकण ९० अंश मिटल्यावर एकूण पीळ १२६ अंश होतो आणि जोर जवळपास ९.८ न्यूटन-मिमी मिळतो. म्हणजे वजनाच्या चौपट. बिजागरीचे घर्षण आणि कडेला अडकलेली पावडर यांना हे पुरते. तारेतला ताण ८५० मेगापास्कलच्या आसपास राहतो, स्प्रिंग ढिली पडत नाही. हेच काम ४ वेढ्यांत उरकायला गेलात तर ताण दुप्पट होतो आणि स्प्रिंग महिन्याभरात ढिली पडते. जागा वाचवण्यासाठी वेढे कमी करणे ही या कामातली सर्रास दिसणारी चूक आहे.

तारेच्या जाडीशी खेळताना जपून. जोर जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. ०.५ च्या जागी ०.६ ची तार टाकली की जोर दुप्पट होतो, झाकण थाडकन आदळते आणि कडेवरची हळद गिऱ्हाइकाच्या अंगावर उडते.

स्प्रिंग कारागिराला ऑर्डर देताना पिळाची दिशा चित्र काढून सांगा: झाकण मिटताना वेढे आवळले गेले पाहिजेत, सैल होता कामा नयेत. आवळताना वेढ्यांचा व्यास कमी होतो. वरच्या स्प्रिंगचा आतला व्यास ४.५ वरून ४.३ मिमीवर येतो. म्हणून मधली पिन ३.८ मिमीची ठेवा. ४.२ ची पिन सैल दिसते म्हणून बरी वाटते, पण झाकण मिटताना वेढे तिला घासतात. आवळताना वेढ्यांची लांबीही वाढते, तेव्हा खोबणीत बाजूला अर्धा-पाऊण मिमी मोकळे सोडा. स्प्रिंगचा पाय नुसत्या टोकावर टेकला तर बारीक तार पीपीत रुतत जाते आणि आगाऊ दिलेला पीळ तिथेच संपतो. पाय १० ते १२ मिमी लांब ठेवा आणि खाचेत पूर्ण लांबीने टेकवा.

स्प्रिंगची खोबणी डबीच्या भिंतीबाहेर हवी. हळदीची पावडर वेढ्यांत शिरली की तेलकट थर धरते. शिवाय पोलादाचा तुकडा अन्नाच्या बाजूला असूच नये.

दुसरा रस्ता स्प्रिंगशिवायचा. तेलाच्या, शाम्पूच्या बाटलीचे झाकण पाहा: मधल्या बिजागरीच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या असतात. झाकण अर्ध्यावर आणेपर्यंत पट्ट्या ताणल्या जातात, अर्धे ओलांडले की त्या स्वतःच झाकण पुढे फेकतात. यातली खुबी अशी की मिटलेल्या आणि उघड्या, दोन्ही टोकांना पट्ट्या जवळजवळ मोकळ्या असतात. ताण फक्त मधल्या क्षणापुरता. त्यामुळे सहा महिने दुकानात पडले तरी त्यात विरायला काही नसते. अंगठ्याने अर्धे उचलावे लागते, बटणाची गंमत नाही. तरीही नव्याने उतरणाऱ्या छोट्या मसालेवाल्याने हेच घ्यावे, तेही तयार झाकण बाजारातून. साच्याचा खर्च वाचतो आणि झाकण एकाच जातीच्या प्लॅस्टिकचे असल्याने भंगारातही नीट जाते.

जाता जाता: पांढरे किंवा पारदर्शक झाकण घेऊ नका. हळदीतला कर्क्युमिन प्लॅस्टिकला धरतो, धुऊन जात नाही. पिवळे किंवा गडद झाकण घ्या.

प्रश्न : बेदाण्याच्या २५० ग्रॅमच्या डबीची खिट्टी (झाकण अडकवून धरणारी जीभ) शीतगृहातून काढताना तुटते. ज्या टिकतात त्यांतल्या काही ट्रकमध्ये आपोआप उघडतात. खिट्टी ६ मिमी लांब, दीड मिमी जाड आहे, १ मिमी अडकते. स्प्रिंग कमी ताकदीची करू का? (तासगाव)

स्प्रिंगला हात लावू नका. वरच्या उत्तरातली स्प्रिंग खिट्टीवर किती जोर लावते ते पाहा: ९.८ भागिले ६० मिमी, म्हणजे ०.१६ न्यूटन. एवढ्याने कुठलीही खिट्टी सुटत नाही. तुमच्याकडे दोन वेगळे दोष आहेत.

तुटण्याचे कारण मापात आहे. खिट्टी वाकताना मुळाशी किती टक्के ताणली जाते, त्याचा सोपा हिशेब: दीड गुणिले जाडी गुणिले वाकण, भागिले लांबीचा वर्ग, गुणिले शंभर. तुमच्या मापाने १.५ × १.५ × १ भागिले ३६, म्हणजे सव्वासहा टक्के. पीपी एकदाच वाकवायचा असेल तर एवढे चालून जाईल, पण रोज उघडमीट होणाऱ्या खिट्टीला साडेतीन टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये. लांबी १० मिमी, जाडी १.२ मिमी, अडकण ०.८ मिमी करा. ताण दीड टक्क्यांच्या आत येतो. लांबीचा वर्ग होतो, म्हणून जागा मिळेल तिथे आधी लांबी वाढवा. मुळाशी ०.६ मिमीची गोलाई द्या. काटकोनी कोपरा ठेवला तर तडा तिथूनच सुरू होणार.

थंडीचे कारण दाण्यात आहे. साधा होमोपॉलिमर पीपी शून्य अंशाच्या आसपास काचेसारखा कडक होतो. ४-५ अंशांच्या शीतगृहातून निघालेल्या डबीची खिट्टी त्या सीमेजवळच असते, आणि ती नेमकी हमालाच्या हातून आपटते. इम्पॅक्ट कोपॉलिमर ग्रेड (थंडीतही धक्का सोसणारा पीपी) वापरा. तो दुधट दिसतो, आतले बेदाणे स्वच्छ दिसणार नाहीत. झाकण इम्पॅक्ट ग्रेडचे आणि डबी पारदर्शक रँडम कोपॉलिमरची, ही जोडी बरी.

ट्रकमध्ये उघडते ते आतल्या मालाच्या धक्क्याने. डबी उलटी आपटली की पाव किलो बेदाणे आतून झाकणावर बसतात. खिट्टीचा अडकणारा चेहरा ४५ अंशांचा असेल तर धक्क्याने ती स्वतःच सरकते. तो चेहरा ९० अंशांचा करा, आत २-३ अंश झुकता दिला तर आणखी उत्तम. मग ओढून उघडत नाही, बटणानेच खिट्टी मागे सारावी लागते. मिटतानाची चढण मात्र ३० अंशांचीच ठेवा, नाहीतर म्हाताऱ्या माणसाला झाकण दाबून बसवता येणार नाही. आणि बटण झाकणाच्या कडेपेक्षा १ मिमी आत घ्या. खोक्यात शेजारची डबी बटण दाबते, हे कारण पुष्कळदा कुणाच्या ध्यानात येत नाही.

प्रश्न : झाकण आणि कडे एकत्र मोल्ड करतो. पातळ बिजागरी शंभर वेळा उघडमीट केली की चिरते, काही तर पहिल्याच दिवशी पांढऱ्या पडतात. (मिरज)

बिजागरीची जाडी मोजा. ०.३ ते ०.४ मिमी हवी, सपाट रुंदी साधारण दीड मिमी. ०.६ मिमीची बिजागरी मजबूत वाटते, प्रत्यक्षात तीच आधी चिरते, कारण जाड भाग वाकताना बाहेरची बाजू जास्त ताणली जाते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे वितळलेला माल बिजागरी ओलांडून आडवा वाहिला पाहिजे. दोन्ही बाजूंना गेट (साच्यात माल शिरण्याचे तोंड) दिलेत तर दोन प्रवाह बिजागरीवरच भेटतात आणि तिथे सांधा पडतो. तो सांधा चिरणारच. एकच गेट द्या, तोही बिजागरीपासून लांब. गेट बिजागरीला चिकटून असेल तर माल त्या पातळ गळ्याशी येऊन थबकतो, आधी कडे भरत बसतो, आणि तोवर गळ्यातला थर गार होतो. पांढरी रेघ बहुधा याचीच.

साच्यातून निघालेले झाकण गरम असतानाच दोन-तीन वेळा पूर्ण मिटवा. पहिल्या वाकण्यात पीपीच्या साखळ्या बिजागरीला आडव्या ओढल्या जातात आणि तिथून पुढे ती हजारो वेळा टिकते. गार झाल्यावर दुसऱ्या पाळीत कुणीतरी मिटवील म्हणून पाटीत टाकून ठेवले, तर हा फायदा हातचा गेला. या भागात रनरचा (गेटपर्यंत माल नेणाऱ्या वाटेत गोठलेला) दळलेला माल मिसळू नका. रंगाची मास्टरबॅच (रंगाचे दाणे) २ टक्क्यांच्या आत ठेवा.

खिट्टीचे माप मोल्डिंगनंतर लगेच घेऊ नका. पीपी साधारण १ ते २ टक्के आकसतो आणि त्यातला काही भाग पुढच्या २४ तासांत होतो. ६० मिमीच्या झाकणात दीड टक्का म्हणजे ०.९ मिमी. सकाळी घट्ट बसलेली खिट्टी दुसऱ्या दिवशी खुळखुळते ती यामुळे.

प्रश्न : स्प्रिंगचे झाकण हवाबंद होईल का? पावसाळ्यात मसाल्याच्या गाठी होतात. (कराड)

खरे सांगायचे तर नाही. स्प्रिंग झाकण सतत वर ढकलत असते, आणि हवाबंद करायचे तर झाकण खाली दाबून धरावे लागते. रबरी कडे घालून ते दाबायला गेलात की खिट्टीवरचा भार वाढतो आणि बटण जड होते. झाकणाकडून धूळ आणि किडा अडवण्याचीच अपेक्षा ठेवा.

ओल अडवण्याचे काम डबीच्या तोंडावरच्या फॉइल सीलकडे द्या. डबी पीपीची असेल तर सीलचा चिकटणारा थरही पीपीचाच मागा. पॉलिथीनच्या डबीसाठीचा सील पीपीला नीट धरत नाही. एक अडचण इथे येते. इंडक्शन मशिनखालून (चुंबकी क्षेत्राने फॉइल तापवून सील चिकटवणारे यंत्र) स्प्रिंगसकट झाकण गेले तर स्प्रिंगही तापू शकते आणि भोवतीचे प्लॅस्टिक मऊ होते. म्हणून आधी गरम प्लेटने सील मारा, मग झाकण बसवा. मेटल डिटेक्टरही सील आणि स्प्रिंग लागण्याआधी, मालावरच चालवा. पॅक झालेली डबी त्याखालून काढली तर प्रत्येक डबी नापास होईल.

सील फाडल्यानंतर घरी गाठी होतातच. त्यासाठी पॅक मोठा करू नका, १०० ग्रॅमचा ठेवा.

प्रश्न : कंदी पेढ्यांच्या डब्याला असे झाकण बसवावे का? (सातारा)

बसवू नये. डबा दोन-चार दिवसांत संपतो. एवढ्या उघडमिटीसाठी स्प्रिंग, पिन आणि बटण यांचा खर्च पेढ्याच्या भावात घालू नका. शिवाय तुपाचा हात बटणावरून सटकतो.

प्रश्न : साचा पक्का करण्याआधी काय तपासावे? थ्रीडी प्रिंट काढून चालेल का? (इस्लामपूर)

थ्रीडी प्रिंटवर बटण बोटाला कसे लागते, झाकण किती उघडते, स्प्रिंग खोबणीत बसते का, एवढे कळते. बिजागरी आणि खिट्टी किती टिकेल ते कळत नाही. प्रिंटचे थर एकमेकांवरून सुटतात. त्यासाठी एका पोकळीचा अ‍ॅल्युमिनियमचा साचा करून खऱ्या ग्रेडची किमान शंभर झाकणे काढा.

त्यातली वीस झाकणे मिटवून ५० अंशांवर सात दिवस ठेवा, मग गार करून उघडा. ९० अंशांपर्यंत न गेलेले एकही झाकण चालवून घेऊ नका. वीस झाकणे दोन हजार वेळा उघडमीट करा. रोज तीनदा उघडली तरी सहा महिन्यांत साडेपाचशे वेळा होते, उरलेली सोय हयगयीच्या वापरासाठी. वीस डब्या मालाने भरून १.२ मीटरवरून टाका: तळावर, कडेवर आणि झाकणावर. शीतगृहात माल जाणार असेल तर त्यातल्या निम्म्या रात्रभर ४ अंशांवर ठेवून तिथून काढल्या काढल्या टाका. आणि पाच-दहा झाकणांच्या बिजागरीत मुद्दाम पावडर चोळून उघडून पाहा. हळद, तिखट, गूळ पावडर प्रत्येकाची वेगळी चाचणी करा, कारण गुळाची पावडर ओल धरून चिकटते आणि हळदीत पास झालेली स्प्रिंग तिथे कमी पडते.