‘काही लागलं तर सांगा’ म्हणणाऱ्यांना काय सांगायचं?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. बायको जाऊन अडीच वर्षं झाली. मुलगी दहा वर्षांची आहे, मुलगा पाच. दोघं एकाच शाळेत आहेत आणि छताच्या दुरुस्तीसाठी शाळा तीन आठवडे बंद ठेवली आहे. नोटीस आली ती फक्त चार दिवस आधी. एरवी आई घरी असते, पण तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन नेमकं गेल्या आठवड्यात झालं आणि ती बहिणीकडे आहे.

माझी ड्युटी सात ते साडेतीन. सव्वासहाला घर सोडतो, सव्वाचारला परत येतो. आठवड्याला सहा दिवस. रक्ताचे नमुने काही घरी आणता येत नाहीत. सकाळी अकरापर्यंत उपाशीपोटीच्या नमुन्यांची इतकी गर्दी असते की पाणी प्यायला उसंत नसते. सहा रजा शिल्लक आहेत. त्या मुलांच्या आजारपणासाठी राखून ठेवल्यात.

मुलगी म्हणाली, ‘बाबा, मी आहे ना, मी बघते याला.’ तीन दिवस तसंच केलं. दुसऱ्या दिवशी ती जिन्यात पडलेला टॉवेल आणायला गेली आणि धाकट्याने आतून कडी लावली. त्याला ती काढता येईना. वीस मिनिटं ती बाहेर, तो आत, दोघं रडतायत. हे मला रात्री झोपताना कळलं, तेही तिने ‘रागावणार नाहीस ना’ असं विचारून सांगितलं म्हणून. आणि मी रागावलोच. तिच्यावर.

साहेबांना काही सांगितलेलं नाही. एक दिवस तासभर उशीर झाला तेव्हा पोट बिघडल्याचं सांगितलं. शेजारचे आजी-आजोबा चांगले आहेत, ‘काही लागलं तर सांगा’ म्हणतात, पण रोज दहा तास दोन मुलं कुणाच्या गळ्यात घालणार? दहा वर्षांच्या मुलीवर घर सोडणं चूक आहे का? आणि चूक असेल तर मी करू काय?
— दोन मुलांचा बाबा

उत्तर : हो, चूक आहे. आधी एवढं बोलून टाकते, कारण ते तुम्हाला पत्र लिहायच्या आधीच माहीत होतं.

आता माझी चूक ऐका. मी बत्तीस वर्षं नर्स होते, पाळीने काम केलं आणि मुलगा एकटीने वाढवला. तो नऊ वर्षांचा असताना एकदा शाळा अचानक बंद झाली. मला वॉर्डवर फक्त चार्ज देऊन परत यायचं होतं. ‘अर्ध्या तासात येते, दारापासून हलू नकोस,’ असं सांगून गेले. माझ्या म्हणण्याचा अर्थ होता, कुणाला दार उघडून बाहेर जाऊ नकोस. पुढच्या पाळीची सिस्टर आलीच नाही. मी तीन तासांनी घरी पोचले. मुलगा दाराला पाठ लावून बसला होता. पाणी प्यायला उठला नव्हता, बाथरूमलाही गेला नव्हता. चड्डी ओली होती आणि त्याचीच त्याला लाज वाटत होती. मी सांगितलेलं त्याने शब्दशः पाळलं होतं.

तुमची मुलगीही तशीच पाळणारी दिसते. ‘मी बघते’ म्हणाली ती तुमचा चेहरा पाहून. दहा वर्षांचं मूल कपड्यांच्या घड्या घालेल, धाकट्याला गोष्ट वाचून दाखवेल, फोन लावेल. पण धाकट्याच्या नाकातून रक्त येतंय, बेल वाजतेय आणि गॅसचा वास येतोय, तर आधी काय करायचं हे ठरवणं तिचं काम नाही. ब्रिटनमधली एनएसपीसीसी ही बालसंरक्षण संस्था पालकांना सांगते, की बारा वर्षांखालची मुलं फार वेळ एकटी राहण्याइतकी क्वचितच समर्थ असतात. हे फक्त स्वतःपुरतं एकटं राहण्याबद्दल झालं, वर पाच वर्षांचा भाऊ सांभाळण्याबद्दल नव्हे. मूल कितव्या वर्षापासून एकटं ठेवावं, याचा आकडा बऱ्याच देशांच्या कायद्यात नाही. पण एकटं असताना मुलाच्या जिवाला धोका झाला, तर जाब पालकालाच विचारतात.

म्हणून आजच रात्री तीन कामं करा. हाताला येणारी ती कडी काढून टाका किंवा मुलाचा हात पोचणार नाही इतकी वर बसवा. घराची एक किल्ली शेजारी द्या. आणि नाण्यासारख्या गोल, चपट्या बॅटऱ्या कशाकशात आहेत ते शोधा : छोटे रिमोट, वजनकाटा, आवाज करणारी खेळणी. ज्यांचं झाकण स्क्रूने बंद होत नाही ती वस्तू कपाटात कुलपाखाली. अशी बॅटरी गिळली आणि अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. वाट बघायची नसते, तडक हॉस्पिटल गाठायचं असतं. बाकीच्या धोक्यांची यादी तुम्हाला माझ्याइतकीच ठाऊक असणार. ही एक गोष्ट मात्र पुष्कळ शिकलेल्या पालकांनाही माहीत नसते, म्हणून लिहिली.

आता तुमच्या दहा तासांचं बघू. तुम्ही ते एका गाठोड्यात बांधलेत आणि म्हणून ते कुणाला उचलायला सांगण्याची तुमची हिंमत होत नाही. गाठोडं सोडा. तीन दिवस गेले, उरले पंधरा. रोजचे दहा धरले तर दीडशे तास. मुलं सकाळी उठतात किती वाजता? सुट्टीत आठच्या आधी नक्कीच नाही. म्हणजे सव्वासहा ते आठ हा सगळा वेळ ती झोपलेली आहेत. झोपलेल्या मुलांच्या घरात येऊन वर्तमानपत्र वाचत बसणं, एवढंच मागायचंय आजी-आजोबांकडे. ‘रोज सकाळी पावणेदोन तास, दोघांपैकी कुणीही एकाने, या पंधरा दिवसांपुरतं.’ लोक ‘काही लागलं तर सांगा’ म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात. फक्त त्या ‘काही’ची लांबी-रुंदी त्यांना कुणी सांगत नाही, म्हणून तेही गप्प आणि आपणही गप्प.

मग तुमच्या रजा. मुलांच्या आजारपणासाठी राखून ठेवल्यात हे शहाणपणाचं आहे, दोन तशाच राहू द्या. उरलेल्या चार सलग घेऊ नका, मोडून घ्या. चार पूर्ण म्हणजे आठ अर्ध्या. तुम्हीच लिहिलंय की खरी गर्दी अकरापर्यंत. म्हणजे साहेबांना तुमची गरज आहे ती नेमकी तुमच्या पाळीच्या पहिल्या अर्ध्यात. सव्वाअकराला निघालात तर बाराला घरी. पंधरापैकी आठ दिवसांचा दुपारनंतरचा प्रश्न इथेच मिटला. उरले त्या आठ दिवसांत आठ ते बारा, आणि सात दिवस आठ ते सव्वाचार.

या उरलेल्या तासांसाठी तुम्ही एकटे नाही आहात, आणि नेमकं हेच तुमच्या लक्षात आलेलं नाही. शाळा फक्त तुमच्या मुलांची बंद झालेली नाही. मुलीच्या वर्गातल्या प्रत्येक घरात आज हीच ओढाताण चालू असणार, आणि प्रत्येक जण आपल्याच घरात तेवढी अडचण आहे असं समजून बसलाय. २०२० च्या एप्रिलमध्ये १९० हून जास्त देशांतल्या शाळा बंद होत्या आणि दीडशे कोटींवर विद्यार्थी घरी होते. तेव्हा कुणाला आपल्या मुलांची लाज वाटली नाही. मीटिंगमध्ये मागून मूल ओरडलं तर सगळे हसायचे. आता एकच शाळा बंद आहे, तर ती तुम्हाला स्वतःची कमतरता वाटायला लागली.

पालकांच्या ग्रुपवर लिहा. ‘कुणी मदत करेल का’ असं लिहू नका, त्याला हात जोडलेल्या चित्रांपलीकडे उत्तर येत नाही. असं लिहा : ‘मी रोज साडेचार ते साडेसात घरी आहे. आणखी तीन मुलं माझ्याकडे राहू शकतात, अभ्यासही घेईन. मला सकाळी आठ ते दुपारपर्यंत माझ्या दोघांसाठी जागा हवी आहे.’ दहा ते सात नोकरी करणाऱ्या आईबापांना संध्याकाळचे ते तीन तासच जड जातात. तुमची जी ड्युटी तुम्हाला शाप वाटते, ती त्यांच्या दृष्टीने सोन्याची आहे. एकटे पालक मदत मागायला कचरतात ते बहुतेक याच भीतीने, की मी परत काय देणार. तुमच्याकडे द्यायला संध्याकाळ आहे. दोन-तीन घरं जमली तर मधल्या वेळासाठी मिळून एक सांभाळणारी बाई ठेवता येते, खर्च वाटला जातो. कुणाच्याही घरी मुलं सोडण्याआधी मात्र एक संध्याकाळ तिथे स्वतः जाऊन बसा. घरात आणखी कोण असतं, येतं-जातं कोण, ते बघा. यात भिडस्तपणा करू नका. पंधरा दिवसांची जुळणी पहिल्या दिवशी होणार नाही. आणि एक दिवस कुणीतरी आजारी पडून ती मोडेलच. राखून ठेवलेल्या दोन रजा त्यासाठीही आहेत.

साहेबांबद्दल. पोट बिघडल्याची थाप दुसऱ्यांदा मारू नका. तिसऱ्यांदा खरंच बिघडेल तेव्हा कोणी विश्वास ठेवणार नाही. त्यांच्याकडे अडचण घेऊन जाऊ नका, वेळापत्रक घेऊन जा. कागदावर पंधरा तारखा, त्यातल्या आठांपुढे ‘सव्वाअकरानंतर अर्धी रजा’, आणि खाली एक ओळ : सकाळची गर्दी मी रोज पूर्ण करून निघेन. अर्धी रजा तुमच्याकडे मिळते का हे आधी ऑफिसात विचारून घ्या. दोन वेळा घरी फोन करायची परवानगीही त्यातच मागा, दहा आणि दोन अशी वेळ ठरवून. ठरलेल्या वेळेला फोन आला की मुलं मधल्या वेळात घड्याळाकडे बघत बसत नाहीत.

साहेब ‘नाही’ म्हणू शकतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९८१ सालचा १५६ क्रमांकाचा करार आहे. कुटुंबाची जबाबदारी आहे, एवढ्याच कारणावरून कुणाला नोकरीतून काढता येऊ नये, असं तो म्हणतो. आणि तो बाई-पुरुष दोघांबद्दल बोलतो. सगळ्या देशांनी तो स्वीकारलेला नाही, तेव्हा साहेबांच्या टेबलावर तो आपटायला जाऊ नका. पण केबिनचं दार ढकलताना एवढं मनात असू द्या की तुम्ही भीक मागायला आलेला नाही आहात. बापाने मुलांसाठी रजा मागितली की ‘घरी बाई कुणी नाही का’ असं अजून विचारलं जातं. विचारलं तर सरळ ‘नाही’ म्हणा आणि कागद पुढे करा.

राहिली मुलगी. तिच्यावर रागावलात, त्याची माफी मागा, आणि तिला नोकरीतून मोकळी करा. ‘आता तू बघायचं नाहीस. मोठं माणूस असेल. तू फक्त ताई.’ हे मोठ्याने, धाकट्यासमोर सांगा. ती कदाचित रुसेल, कारण मोठेपणाची चव लागलेली असते. रुसू द्या. आणि पुढच्या वेळी तिने काही सांगितलं, तर पहिली पाच मिनिटं फक्त ऐका. कडीची गोष्ट तिने सांगितली म्हणून ती कडी तुम्ही आज काढणार आहात.

प्रश्न : आमच्या विभागात एक सहकारी एकटी आई आहे. मुलाची शाळा बंद असली की ती लवकर जाते आणि तिचं उरलेलं काम माझ्याकडे येतं. मला मूल नाही, म्हणून मला वेळच वेळ आहे असं सगळे धरून चालतात. मी वाईट आहे का?
— नाव नको

उत्तर : नाही. चिडण्यात काही गैर नाही, फक्त तुम्ही चुकीच्या माणसावर चिडलाय. ती गेल्यावर उरलेलं काम तुमच्या टेबलावर ती ठेवत नाही. ते ठेवणारा कुणीतरी आहे, आणि त्याला ते फुकटात पडतं.

आइसलँडमध्ये २४ ऑक्टोबर १९७५ ला सुमारे ९० टक्के बायकांनी नोकरी आणि घरकाम दोन्ही एका दिवसापुरतं थांबवलं होतं. बापांना मुलं घेऊन कामावर जावं लागलं, आणि रेडिओवर बातम्या चालू असताना मागून मुलांचा गलका ऐकू येत होता. (पाचच वर्षांनी त्या देशाने विगदिस फिनबोगादोत्तिर यांना राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडलं. घटस्फोटित होत्या, आणि दत्तक घेतलेली मुलगी एकटीने वाढवत होत्या.) मूल सांभाळणारं माणूस कमी पडलं की ऑफिसचा गाडा अडतो, तो असा. तुमच्या ऑफिसात तो अडत नाही, कारण तुम्ही ढकलताय.

दोन आठवडे लिहून ठेवा : तिचं कोणतं काम तुमच्याकडे आलं, किती वेळ गेला, त्यापायी तुमचं काय राहिलं. मग तो कागद घेऊन वरिष्ठांकडे जा आणि बदली माणूस किंवा जादा वेळाचा मोबदला मागा. जाण्याआधी तो तिला दाखवा. आपलं काम कुणावर पडतंय हे तिलाही टोचत असणार, आणि अर्जावर तुमच्या सहीखाली तिची सही आली तर तो एका बाईची दुसरीविरुद्धची कुरकूर म्हणून बाजूला सारता येणार नाही.