आर्गोची चेन पहिल्यांदा उघडतोयस? आधी हे वाच

भावा, आर्गो म्हणजे जमिनीवर नि पाण्यातही चालणारी सहा-आठ चाकी गाडी. आधी ती स्टँडवर घे, सगळी चाकं हवेत. एका बाजूची चाकं चेननेच जोडलेली असतात, एक फिरवलं की त्या बाजूची सगळी फिरतात. मग सरळ पट्टी दोन्ही स्प्रॉकेटच्या (चेन बसते ती दातेरी चाकं) बाजूला टेकव, फट दिसली तर एक्सल तिरका नाहीतर स्प्रॉकेट सरकलंय, ते आधी नीट कर, चेन नंतर.

नवीन माणूस हमखास चेन तारेसारखी ताणतो, मीपण ताणलेली, बेअरिंग खाल्लं. चाक पूर्ण फिरव, जिथे सगळ्यात घट्ट लागेल तिथे ढील बघ.

जॉइंट लिंकच्या (चेनची दोन टोकं जोडणारी कडी) क्लिपचं बंद टोक चेन पळते त्या दिशेला, उलटं लावलंस तर तळ्याच्या मधोमध सुटायची (मग वल्हव हाताने!).

बोल्ट आवळल्यावर पट्टी परत लाव, आवळताना एक्सल सरकतोच.