टायमिंग चेन घरी बदलावी का?

प्रश्न : सकाळी गाडी सुरू करताना इंजिनातून क्षणभर खडखडाट येतो. टायमिंग चेन (पिस्टन आणि झडपा म्हणजे व्हॉल्व्ह यांच्या हालचालींचा मेळ राखणारी इंजिनातील साखळी) घरीच बदलता येईल का?

उत्तर : असा आवाज बहुधा सैल चेनचा किंवा तेलाच्या दाबावर चालणाऱ्या टेन्शनरचा (चेन ताणून ठेवणाऱ्या भागाचा) असतो, म्हणून आधी तेलाची पातळी पाहावी. चेन बदलायचीच ठरली, तर टेन्शनर व गाइडही (चेनला मार्गावर ठेवणाऱ्या पट्ट्या) सोबतच बदलावेत, कारण इंजिनाचे पुढचे कव्हर पुन्हा उघडणे हेच खरे कष्टाचे काम आहे. चेनच्या रंगीत कड्या ती ज्यांवर फिरते त्या दातेरी चाकांवरील खुणांशी जुळवल्यावर, किल्ली फिरवण्यापूर्वी, क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) बोल्टला पाना लावून इंजिन नेहमीच्या दिशेने पूर्ण 2 फेरे हाताने फिरवावे. चाकांवरील खुणा पुन्हा जागेवर यायला हव्यात. रंगीत कड्या येत नाहीत, त्याने गोंधळू नये. मध्येच अडल्यास जोर लावू नये, कारण बऱ्याच इंजिनांत पिस्टन धडकून व्हॉल्व्ह वाकतात.