सोलापुरात नव्याने येणाऱ्या पेगन (निसर्गपूजक) मैत्रिणीला

आधी नोकरीत रूळ. पहिल्याच आठवड्यात धर्म सांगायची घाई नको. कुणी विचारलंच तर "मी निसर्गपूजा करते" एवढं सरळ सांग. राज्यघटनेचं कलम 25 तुझ्या श्रद्धेलाही लागू आहे, त्यामुळे लपवायचंही कारण नाही. 21-22 डिसेंबरच्या यूलसाठी, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्रीच्या आपल्या सणासाठी, रजेचा अर्ज मात्र वेळेवर टाक.

खोली बघताना गच्ची वापरता येईल का, हे घरमालकांना आधीच विचार. वेदी छोटी ठेव. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, मेणबत्त्या वाकतात. तेलाची पणती बरी.

आणि वेळ अमावस्या चुकवू नकोस. मार्गशीर्षातली ही अमावस्या डिसेंबर-जानेवारीत येते, कधी कधी यूलच्या आसपासच. शेतकरी उभ्या पिकात कडब्याची कोप (छोटी झोपडी) करून पांडव पूजतात, आलेल्या प्रत्येकाला आंबील-भज्जी वाढतात. ऑफिसातल्या कुणी शेतावर बोलावलं तर नक्की जा. पण पाहुणी म्हणून जा. त्यांच्या सणाला आपलं नाव देऊ नकोस. इथली माती मला आपली वाटू लागली ती अशाच पंगतींमुळे. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्यात, म्हणजे जत्रेत, नंदीध्वज बघायला आपण दोघी मिळून जाऊ.