माथेरानचे जुने बंगले

प्रश्न : माथेरानचे पॉइंट्स बघून झालेत, यावेळी जुने बंगले बघायचेत. कसे बघू?

उत्तर : पायीच बघा, दस्तुरीच्या गाडीतळापुढे खाजगी गाड्यांना बंदीच आहे, त्यामुळे घाई करायची सोयच नाही आणि तेच बरं. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट १८५० मध्ये इथे चढून आले, मग इंग्रजांनी आणि मुंबईच्या पारशी वगैरे श्रीमंतांनी बंगले बांधले. बाजार सोडून आतल्या लाल मातीच्या वाटांना वळा. जांभ्याचं जोतं, रुंद व्हरांडा, उतरती कौलं, पावसाने काळवंडलेलं फाटक, नुसतं फाटकाबाहेर उभं राहून बघितलं तरी मन भरतं. बरेचसे खाजगी आहेत हां, माळीबुवांना विचारल्याशिवाय आत पाऊल नको. आणि खाऊची पिशवी बॅगेत ठेवा, माकडं हिसकावतात.